सुतारांचं माप

एकदा आपटली असती तर मी म्हटलं असतं, चालायचंच. पण आमची सांडशी त्या मंगळवारी सात वेळा आपटली, आणि सातही वेळा नेमकी तेरा मिलिमीटर आधी. यंत्र चुकतं तेव्हा कधी इकडे, कधी तिकडे चुकतं. सात वेळा एकाच जागी चुकलं, तर कुणीतरी त्याला तसं शिकवलेलं असतं, असं आमचे फडतरे सर म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

सांडशी हे तिचं लाडाचं नाव. कागदोपत्री ती 'पुनर्नवा'. पुण्यात पाषाणला आमची 'कक्षासेवा' नावाची कंपनी आहे. अवकाशात म्हाताऱ्या झालेल्या उपग्रहांचं इंधन संपतं, पण डोळे-कान शाबूत असतात. अशांना मागून जाऊन धरायचं आणि पुढची पाच-सहा वर्षं आपल्या इंधनावर नीट वाटेला लावायचं, हा आमचा धंदा. धरायचं कुठे, तर उडताना उपग्रह रॉकेटवर ज्या धातूच्या कड्यावर बसतो, त्या कड्याला. सांडशीला तीन बोटं. ती कड्याच्या आत शिरतात आणि बाहेरच्या अंगाला फाकतात.

पहिलं गिऱ्हाईक होतं वरुणिका. वीस वर्षांपूर्वी उडालेली, समुद्राचं तापमान बघणारी. 'मासळी आज अमुक बाजूला आहे' हा किनाऱ्यावरच्या होड्यांना रोज जाणारा निरोप अजूनही तिच्याच जिवावर जातो. तिचं इंधन संपलं होतं आणि ती सरकत सरकत दुसऱ्या उपग्रहांच्या वाटेत चालली होती. सांडशी आधीच वर जाऊन तिच्या मागे लागली होती. खाली पुण्यात सांडशीच्या जुळ्या बहिणीवर, खऱ्या मापाच्या कड्यासमोर, आमची रंगीत तालीम चालली होती. गाठ पडणार होती शुक्रवारी सकाळी. शुक्रवार हुकला की पुढची गाठ आठ महिन्यांनी, आणि तोवर वरुणिका दुसऱ्याच्या अंगावर गेलेली असणार.

सांडशीला डोळा एकच. एका डोळ्यानं अंतर ओळखायचं तर समोरची वस्तू मुळात केवढी आहे हे माहीत असावं लागतं. रस्त्याच्या टोकाला एसटी अंगठ्याएवढी दिसली की आपण ओळखतो, अजून लांब आहे, कारण एसटी केवढी असते ते आपल्याला ठाऊक असतं. कडं आहे त्यापेक्षा मोठं असतं असं सांडशीला कुणी शिकवलं, तर खरं कडं तिला लहान दिसणार आणि ती समजणार, अजून लांब आहे. त्यात शेवटच्या एका मीटरला कडं कॅमेऱ्यात मावतच नाही. तिथून पुढे ती शेवटचं मोजलेलं अंतर डोळे मिटून कापते. म्हणजे आधी चुकली की आपटलीच.

आता तिला शिकवलं कुणी? माझ्या वडिलांनी.

जगात काही माणसं खऱ्या अवकाशयानांच्या प्रतिकृती बनवतात. दुकानात मिळतात ती खेळणी त्यांना चालत नाहीत. खरोखर जे उडालं, शेवटच्या दिवशी तळावर कुणा तंत्रज्ञानं ज्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा जादा तुकडा मारला, त्या तुकड्यासकट तेच हवं. एका अँटेनाचा कोन चार अंश की पाच, यावर ही माणसं महिना महिना भांडतात. बायकामुलं त्यांना वेड्यात काढतात. त्यांच्या गटाचं नाव 'जसं उडालं तसं', आणि त्यांचा एक कडक नियम आहे. ज्या भागाचा पुरावा नाही, तो अंदाजानं बनवायचा नाही. तिथे साधा राखाडी ठोकळा बसवायचा. माहीत नाही ते राखाडी. माहीत नसताना रंग देणाऱ्याला गटात पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

माझे वडील आनंदा सुतार, म्हणजे आमचे आण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. म्हणजे कारखान्यात धातू ओतून जो भाग बनवायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करणारे. निवृत्तीनंतर त्यांनी हे वेड घेतलं. 'सुतारांचं माप' म्हटलं की गटात चर्चा थांबायची. त्यांची वरुणिका एकास आठ प्रमाणात होती, आणि आमच्या कंपनीला तीच हवी होती. उपग्रहाला जो कागदासारखा पातळ सोनेरी पत्रा गुंडाळतात, तो हातानं गुंडाळतात. त्याच्या सुरकुत्यांवर ऊन कसं खेळतं ते संगणकाला काही केल्या काढता येईना. शिवाय आयत्या वेळी झालेले बदल जुन्या नकाशांत नव्हतेच. म्हणून आम्ही आण्णांची प्रतिकृती आणली, काळ्या खोलीत सूर्यासारखा एकच दिवा लावला आणि चाळीस हजार फोटो काढून सांडशीला दाखवले.

प्रतिकृती आली तेव्हा तपासणीचा तक्ता माझ्या हातात होता. उपग्रहाची मधली पेटी मोजली, पंख मोजले, केसाचा फरक नाही. कडं स्टँडमध्ये बसलेलं. ते मोजायचं तर चार स्क्रू काढायचे होते. मी ते काढले नाहीत आणि 'बरोबर' अशी खूण करून खाली सही केली. बापाचं माप लेकीनं काय तपासायचं!

मंगळवारी संध्याकाळी फडतरे सरांनी ते चार स्क्रू स्वतः काढले. दीडशे मिलिमीटर हवं ते कडं एकशे बावन्न भरलं.

"वृषाली," ते म्हणाले, "चूक असती तर पेटीतही असती, पंखातही असती. सगळं अचूक आणि जिथे आपण धरणार तेवढंच मोठं? ह्याला मी चूक म्हणू?"

"दुसरं काय म्हणाल?"

"त्या गटात परदेशातली माणसं आहेत. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आहे. मी काही म्हणत नाही. पण कड्याभोवती ब्रॅकेटसारखे जे सहा कंस आणि दोन नळकांडी आहेत, त्यांचे नकाशेच नाहीत. आपल्याकडे पुरावा फक्त ही प्रतिकृती. दोन कंसांमधल्या फटीतून बोट आत जातं, दोन्हीकडे पाच मिलिमीटर मोकळे. कडं सुधारेन मी, एका ओळीचं काम आहे. पण कडं खोटं निघालं, तर कंस खरे कशावरून?"

त्यांनी जबाबाचा छापील कागद माझ्या हातात दिला. गुरुवारी दुपारपर्यंत काय झालं ते लेखी कळलं नाही, तर शुक्रवार रद्द आणि प्रकरण पोलिसांत. मला पाठवत होते ती मेहेरबानी होती. खरं तर दक्षता विभागाचा माणूस जायचा होता.

बुधवारी सकाळी मी कोल्हापूरला पोचले. न सांगता गेले होते. हे वाईट वागणं आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी न सांगता गेले.

घरामागे आण्णांचं पत्र्याचं शेड आहे. दार आतून लावलेलं. दिवसाढवळ्या कडी कधीपासून लावायला लागले? आत कुजबुज चालली होती. आईचा आवाज खालच्या पट्टीत काहीतरी आकडे सांगत होता आणि आण्णा "हं, हं" करत होते. मी कडी वाजवली तशी कुजबुज गप्प झाली. मग काहीतरी उचलून ठेवल्याचा आवाज, मग दार.

"आगं बया, तू?" आई म्हणाली. तिच्या बोटांना घासलेल्या धातूची काळी पूड होती. तिनं हात पदराआड नेले. "कळवायचं न्हाई व्हय? मी भाकरी तरी टाकलो असतो."

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्यात दहा वर्षं राहून मी ते विसरले, आई कशाला विसरेल.

आण्णा खुर्चीत बसून होते, हात मांडीवर. समोर टेबलावर काम मांडलेलं, पण हत्यारं सगळी आईच्या बाजूला. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ भलताच लावला. मला वाटलं, माझी चाहूल लागताच त्यांनी हातातलं टाकलं.

"काय करालाय, आण्णा?"

"काय न्हाई. बसलोय."

"आणि आई?"

"ती पण बसलीय," आण्णा म्हणाले.

जेवताना मी सहज म्हणून विचारलं, की वरुणिकेचं कडं कधी बनवलंत. दोघं एकमेकांकडे वळले. आधी ते कडं राखाडी होतं हे मला माहीत होतं; दोन वर्षांपूर्वी तळावरच्या एका निवृत्त तंत्रज्ञाकडून जुना फोटो मिळाला, मग राखाडी ठोकळा काढून खरं कडं बसवलं.

"फोटो आल्यावर," आण्णा म्हणाले.

"तुम्हीच बनवलंत?"

"मग काय शेजाऱ्यानं?" ते एकदम चिडले. आईनं त्यांच्या ताटात न मागता आमटी वाढली. वाटीचा काठ त्यांच्या बोटाला लावून ठेवली. तेही मी पाहिलं, आणि तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही. संशय असा असतो. तो सगळं दाखवतो आणि काही कळू देत नाही.

दुपारी ते दोघं वाण्याकडे गेले. आई आण्णांचा दंड धरून चालली होती. या वयात एवढं प्रेम कुठून उतू चाललंय, असा एक कडू विचार माझ्या मनात आला. मग मी चोरासारखी शेडमध्ये गेले आणि बापाचे खण उपसले. एका खणात एक नकाशावही होती, त्यातली शेवटची दोन वर्षं कोरी. सगळं लिहून ठेवणाऱ्या माणसाची दोन वर्षं कोरी! लपवण्यासारखं नसेल तर माणूस लिहायचं का थांबवेल?

मी कराडला डॉक्टर मगदुमांना फोन लावला. ते दातांचे डॉक्टर, गटाचे चालक आणि आण्णांचे जुने मित्र.

"काका, कड्याचं काय झालं? आण्णा काहीतरी लपवतायत."

"वृषाली, मला विचारू नकोस. आनंदरावांनी शपथ घातलीय."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला जे माहीत आहे ते कड्याचं नाही," ते म्हणाले, "पण ते मी सांगणार नाही. तू घरात डोळे उघडे ठेव, एवढंच." आणि फोन ठेवला.

शपथ! या माणसानं मला मीटरपट्टी धरायला शिकवलं होतं. शाळेत मी एकदा प्रयोगाचा आकडा मनानं भरला, तर यांनी मला त्या गुरुजींच्या घरी नेऊन कबूल करायला लावलं होतं. आणि हाच माणूस कुणा परक्याच्या सांगण्यावरून, लेकीच्या सहीआड लपून? मी शेडच्या उंबऱ्यावर बसून रडले. मग तोंड धुऊन बसले त्यांची वाट बघत.

ते आले तेव्हा मी जबाबाचा कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सांडशी, तेरा मिलिमीटर, एकशे बावन्न, फडतरे, पोलीस. माझी सही.

आई तिथल्या स्टुलावर टेकली. आण्णा उभेच राहिले.

"बावन्न?" त्यांनी विचारलं. "दीडशेला बावन्न? नक्की?"

"स्वतः मोजलंय."

त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला, की त्यांना काहीतरी कळलं. मग तो बंद झाला. "मग मी मुद्दामच केलं असणार," ते म्हणाले. "लिही. आनंदा सुतारनं मुद्दाम केलं."

"आवं!" आई म्हणाली.

"तू गप बस. वृषा, लिही. तुझ्या कंपनीवर राग हुता माझा. माझी लेक न्हेली, माझी वरुणिका न्हेली. केलं मी. तुला काय ठाव नव्हतं असं पण लिही. कुटं सही करू?"

मी कागद पुढे सरकवला. मला वाटलं होतं मी ओरडेन, भांडेन. पण मी नुसती बघत राहिले. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली, ठसठशीत, वळणदार, नेहमीसारखी. फक्त ती सहीच्या रेघेवर नव्हती. छापील मजकुराच्या बरोबर मधून, तिरकी, तीन ओळींवरून गेलेली.

"आण्णा, हे काय?"

"काय?"

मी पेनचं टोपण उचलून त्यांच्या तोंडासमोर धरलं. त्यांची नजर टोपणावरून पार जाऊन भिंतीवर गेली. वाटीचा काठ, धरलेला दंड, कोरी वही, सगळं एका झटक्यात माझ्या अंगावर आलं.

"किती दिवस?"

"अडीच वरसं झाली," आई म्हणाली. आण्णांनी हात वर केला, पण ती थांबली नाही. "मदलं गेलंय डोळ्याचं. कडंकडंनं दिसतंय, मदी काय बी न्हाई. मगदूम डाक्टरनी मिरजंला न्हेलं. जेवढं गेलं तेवढं गेलं म्हनले. कुनाला सांगू नका म्हनून ह्यांनी शपथ घातली. तुला तर मुळीच नको."

"का?"

आण्णा खुर्चीत बसले. "आंधळ्या सुताराचं माप कोन घेतंय?"

मला त्यांचा राग आला, खरंच राग आला. मी कालपासून त्यांना चोर समजत होते आणि त्यांना ते चालत होतं. चोर म्हटलेलं चालेल, पण चुकला म्हटलेलं नको! "तुमच्या ह्या खोट्या जबाबानं शुक्रवार रद्द होईल," मी म्हटलं. "वरुणिका जाईल. हे कळतंय का तुम्हाला? आणि कडं कुणी बनवलं मग?"

"मी," आई म्हणाली.

ती उठली आणि शेडच्या भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला तीन स्टीलच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. तिनं एक काढून माझ्या हातात दिली. "ह्या पट्टीनं. हे सांगायचे, मी डिव्हायडर लावायचो, खूण करायचो, लेथ पन मीच चालवायचो. दीडशे म्हनले, मी दीडशेच घेतलो. दोनदा बगितलो."

पट्टीवर दीडशेची रेघ अगदी स्वच्छ होती. मी दुसरी पट्टी काढून तिच्या शेजारी ठेवली, शून्याला शून्य लावून. शंभरावर रेघा एकमेकींना सोडून गेल्या होत्या. तीनशेवर त्यांच्यात जवळजवळ चार मिलिमीटरचं अंतर होतं.

मी कपाळावर हात मारला. उद्यमनगरात वाढलेल्या पोरीला हे आधी सुचू नये? वितळलेला धातू साच्यात ओतला की थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्नमेकर नमुना मुळातच थोडा मोठा करतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून त्याच्याकडे एक वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर मुळात जरा मोठा आखलेला असतो. ॲल्युमिनियमसाठी हजाराला तेरा. हजार मिलिमीटरला तेरा. सांडशी एका मीटरवर तेरा चुकत होती. पट्टीच्या टोकाला ती कुठल्या धातूची ते कोरलेलं असतं, पण चाळीस वर्षांच्या घामानं ते पुसून गेलं होतं. आण्णा नुसत्या वजनावरून ओळखायचे. आईला कुणी सांगितलंच नव्हतं की पट्टी खोटी असू शकते.

"आकडे ठळक हुते म्हनून ही घेतली," ती म्हणाली. "चष्म्याबिगर वाचता येतात."

"बावन्न म्हनल्यावर मला कळलं," आण्णा हळू म्हणाले. "म्हनून म्हटलं, माज्या नावावर जाऊ दे."

मी फडतरे सरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. "म्हणजे त्या पट्टीनं बनलेला प्रत्येक भाग बरोबर एक पूर्णांक तीन दशांश टक्के मोठा. वा. मग प्रश्नच मिटला, भागून टाकतो. फक्त कुठला भाग कुठल्या पट्टीनं झाला ते मला एकेक करून सांगा. अंदाज नको. एखादा बरोबर असलेला भाग मी भागला, तरी बोट कंसावर जाईल. चुकीचा तसाच ठेवला, तरी जाईल."

मी कागद उलटा केला आणि दोन रकाने आखले, आण्णा आणि आई. आण्णांची पट्टी साधी, आईची मोठी.

"पेटी?"

"माजी," आण्णा म्हणाले. "डोळे हुते तवाची."

"पंख?"

"माजे."

"कडं आईचं. नळकांडी?"

"माजी," आई म्हणाली. आता ती लाजत नव्हती. गटातल्या लोकांनी त्या नळकांड्यांचं किती कौतुक केलं होतं ते मी वाचलं होतं. सगळं 'सुतारसाहेब' म्हणून.

"सहा कंस?"

"ते माजे," आण्णा म्हणाले. "डोळे जायला लागले तवाचं शेवटचं काम. हातानं चाचपून केले, साध्या पट्टीला नखानं खूण धरून. कंसांना हात लावू नका म्हनावं तुज्या साहेबाला. ते बरोबर हायत."

मी आण्णांच्या रकान्यात 'कंस' लिहिलं आणि आईकडे बघून खात्री करावी म्हणून मान वर केली.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती आण्णांकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि एक हात दुसऱ्या हाताची बोटं दाबत होता, काळी पूड लागलेली ती बोटं.

"लिहिलं का?" फोनमधून फडतरे म्हणाले. "कंस आनंदरावांचे?"

"आई?" मी म्हटलं.

मला त्या क्षणी कळलं, आणि मला ते कळायला नको होतं. तिनं होय म्हटलं असतं तर कुणाला काही समजलं नसतं. अवकाशात बोट एका कंसावर आदळलं असतं, आणि का आदळलं ते जगात एकट्या तिला ठाऊक असतं.

"वृषा," ती म्हणाली, "खोड ते."

"का?" आण्णा म्हणाले.

"ते पन माजेच हायत."

"खुळी हायस का? मी केलोय. ह्या हातानं."

"तुम्ही केलासा. मग तुम्ही मिरजंला दवाखान्यात हुतासा, ते चार दिवस. मी बसवाय घेतलो तर..." ती थांबली. "बसंनात वो. मी परत केलो. माज्याच पट्टीनं. रंग दिलो आनि बसवून टाकलो. तुम्ही आल्यावर बोट फिरवून बगितलासा आनि म्हनलासा, बग, अजून हात हाय."

मी आण्णांकडे बघू शकत नव्हते. त्यांचे डोळे गेले तेव्हा मी तिथे नव्हते, पण हे जे आता गेलं ते माझ्या समोर जात होतं.

"माजे कुटं हायत?" त्यांनी विचारलं.

"हायत. टाकाय हात धजला न्हाई."

तिनं फळीमागून एक पितळी डबी काढली आणि त्यांच्या तळहातावर उपडी केली. सहा छोटे कंस. आण्णांनी एक उचलला, अंगठा कडेवरून नेला, कोपऱ्यावर थांबला, पुन्हा नेला. दुसरा उचलला. मग तिसरा. सहाही त्यांनी तपासले, शिकाऊ कामगाराचं काम तपासावं तसे, घाई न करता. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला सूट दिली नव्हती.

"हा वाकडा हाय," ते म्हणाले. "हा बी. हे मी बसवू दिलं नसतं कुनाला." त्यांनी सहाही कंस टेबलावर ठेवले आणि माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "लिही, वृषा. सहाही शालनचे. आनि भागाय सांग त्याला."

मी खोडलं आणि आईच्या रकान्यात लिहिलं. तिचं पूर्ण नाव लिहिलं, शालन आनंदा सुतार. जबाबाचा तो कागद तसाच पाठवला, एका बाजूला आण्णांची तिरकी सही आणि दुसऱ्या बाजूला दोन रकाने. तपासणीत मी काय केलं नाही तेही खाली लिहिलं. त्यावरून माझं जे व्हायचं ते पुढे झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सांडशीची तिन्ही बोटं कंसांमधून आत गेली. कुठेही लागलं नाही. आम्ही तिघं माझ्या फोनवर बघत होतो, म्हणजे मी आणि आई बघत होतो. आई आण्णांना सांगत होती. आता सोनेरी पत्रा दिसतोय, आता कडं, आता आपले कंस, आता बोट शिरलं. आण्णा मान खाली घालून ऐकत होते, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं बोलणं मध्ये एकदाही दुरुस्त केलं नाही.